अंगण खरंच वाकडं होतं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या मनोगताचे शब्दांकन)



बोलण्याचा विषय कळवा, असा निरोप आपल्या ग्रुपवर तीनदा आला. मी ‘गिटारची मान’ असं कळवलं. लगेच एकाने विचारलं, ‘मानेच्या व्यायामाबद्दल बोलणार का?’ आपलं वय पाहता तो विषयही चालला असता म्हणा! निम्म्या सभागृहाच्या गळ्यात आज ना उद्या पट्टा येणारच आहे. पण मी खरोखरच गिटारच्या मानेबद्दल बोलणार आहे. लाकडाच्या, सहा तारांच्या, साध्या ॲकॉस्टिक गिटारच्या. गेल्या मे महिन्यात मी ती मान घरच्या घरी सरळ केली. करता करता आपल्या शाळेतल्या दोन गोष्टींचा अर्थ मला तीस वर्षांनी लागला. म्हणून हा विषय.

ही गिटार मी २००३ साली पुण्यात घेतली. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. गाता येत नाही हे आठवीतच ठरून गेलं होतं, ते कसं ते शेवटी सांगते. गाता येत नाही तर निदान वाजवता तरी यावं, एवढीच इच्छा होती. दोन-तीन वर्षं वाजवली. मग लग्न, बाळंतपण, प्रोजेक्टच्या तारखा. गिटार कापडी कव्हरमध्ये घालून कपाटाच्या माथ्यावर गेली आणि पंधरा-सोळा वर्षं तिथेच राहिली. वरचा मजला, डोक्यावर गच्ची. एप्रिलमध्ये तिथे भट्टी आणि जुलैमध्ये ओल. तारा तशाच ताणलेल्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने ती खाली काढली. मुलगी तेव्हा सातवीत. नव्या तारा बसवल्या, क्लास लावला. पहिले काही महिने ती आनंदाने जायची. मग एफ नावाची कॉर्ड आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: यात पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा पहिल्या पडद्यापाशी दाबायच्या असतात. शिकणाऱ्या प्रत्येकाची इथे परीक्षा असते. हिच्या गिटारमधून सहातल्या दोनच तारा बोलायच्या, बाकीच्या ‘थप्’ करून गप्प. बोटांवर तारांचे खोल वळ. ‘आई, मला नाही जमत. माझी बोटंच तशी नाहीत.’

मी काय म्हणाले असेन? तुम्ही सगळे आईबाप आहात, तुम्हाला माहीतच आहे. ‘रोज अर्धा तास सराव कर, जमेल.’ हे मी तीन महिने म्हणत होते. एक दिवस ती क्लासवरून आली आणि म्हणाली, ‘आज मी मैत्रिणीच्या गिटारवर एफ वाजवला. वाजला! तिची गिटार सोपी आहे.’ त्यावर मी हसून म्हणाले, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’

ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने गिटार कव्हरमध्ये घातली आणि खुर्चीवर चढून कपाटाच्या माथ्यावर ठेवली. क्लासला जाणं बंद.

खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं होतं. शनिवारच्या फेऱ्या वाचल्या. पण ती खुर्चीवर चढून ठेवतानाची तिची पाठ माझ्या डोळ्यांपुढून जाईना. एका रविवारी घरात कोणी नसताना मी गिटार खाली काढली आणि स्वतः एफ धरून पाहिला. दहा मिनिटांत माझ्या बोटांना वळ. म्हटलं, वय झालं. मग सहज वरच्या बाजूला, बाराव्या पडद्यापाशी नजर गेली. तार आणि पडदा यांच्यात एवढं अंतर होतं की एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली असती तरी आत गेली असती. पहिल्यांदा माझ्या मनात आलं, अंगण तर वाकडं नाही ना?

मेच्या सुट्टीत आम्ही मिरजेला येणारच होतो. गिटार बरोबर घेतली. आपण मिरजेची माणसं. शाळेत जाता-येता सतारमेकरांच्या दारात वाळत घातलेले भोपळे बघत वाढलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून ते भोपळे येतात, तुनाच्या लाकडाची दांडी त्यावर चढते, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि गावाचं नाव झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या ग्रुपवर जणू आपणच सतारी घडवल्या अशा थाटात आपण एकमेकांचं अभिनंदन केलं होतं!

वडिलांच्या ओळखीच्या एका वृद्ध कारागिरांकडे मी गिटार घेऊन गेले. ते गिटारचं काम करत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. पण हातात घेतली, खुंट्यांची बाजू नाकाशी धरली, एक डोळा मिटला आणि मानेच्या कडेवरून नजर टाकली. बंदुकीने नेम धरावा तसं. दोन सेकंदं. ‘मान पुढं वाकलीया हिची. पोरीला दाबाया जड जात असंल.’

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी भोपळ्यांकडे बघितलं.

आता मान का वाकते, ते सांगते. स्टीलच्या सहा तारा सुरात ओढल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण ७० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या मानेच्या टोकाला रात्रंदिवस लोंबकळतो आहे असं समजा. नायलॉनच्या तारांचा ताण याहून बराच कमी असतो. लाकूड वर्षानुवर्षं हे ओझं सोसतं आणि हळूहळू तारांच्या दिशेने, म्हणजे पुढे झुकतं. धनुष्य कसं दोरीकडे वाकतं, तसंच. मान वाकली की मधल्या भागात तारा पडद्यांपासून लांब जातात आणि दाबायला जड होतात.

यावरचा उपाय मानेच्या पोटातच असतो. लाकडाच्या आत, पडद्यांच्या पट्टीखाली, एक पोलादी कांब घातलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये अशा फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या कांबेचं पेटंट मिळालं. कांबेच्या टोकाला नट असतो. काही गिटारना तो खुंट्यांजवळ छोट्या झाकणाखाली असतो. माझ्या गिटारला तो पोटातल्या गोल भोकातून दिसतो. ॲलन की लावून तो घट्ट केला की कांब मानेला मागे ढकलते, तारांच्या ओढीला उत्तर देते. सैल केला की तारा जिंकतात, मान पुढे येते. एकीकडून ७० किलोची ओढ, दुसरीकडून कांबेचा रेटा, आणि मधे लाकूड.

मग मान अगदी सरळ करायची का? मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. तार छेडली की ती मधल्या भागात जास्त झुलते. मान पट्टीसारखी सरळ असेल तर झुलणारी तार पडद्यांवर आपटते आणि खरखर येते. म्हणून किंचित बाक हवाच. किती? साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा म्हणा हवं तर.

एवढं बारीक अंतर मोजायचं कशाने? आपल्या ग्रुपवर विचारलं. आपल्यातल्याच एकाने, ज्याचं गॅरेज आहे, पाच मिनिटांत उत्तर दिलं, ‘अगं, फिलर गेज घेऊन जा की. आम्ही टॅपेट सेट करायला वापरतो.’ पोलादी पात्यांची जुडी असते ती. प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. संध्याकाळी तो स्वतः घरी येऊन देऊन गेला, चहा प्यायला, आणि जाताना बजावून गेला, ‘एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जाऊ नकोस. नट अडला तर जोर करायचा नाही. बोल्ट तुटला की इंजिन उतरवावं लागतं.’ गिटारच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. कांब तुटली तर पडद्यांची पट्टी उखडण्यापर्यंत काम जातं. मित्रा, तू आज समोर बसला आहेस. गेज आणलंय, जेवणाच्या वेळी परत करते.

आईच्या घरी पलंगावर चादर पसरली आणि आम्ही मायलेकी कामाला लागलो. रीत अशी आहे. आधी गिटार नीट सुरात लावायची, कारण ताण नेहमीचाच हवा. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावायचा. मग सगळ्यात जाड तार जिथे मान गिटारच्या अंगाला मिळते त्या चौदाव्या पडद्यावर बोटाने दाबायची. आता ही दोन्हीकडून धरलेली, ताणलेली तार म्हणजे घरात सापडणारी सगळ्यात सरळ पट्टी. सहाव्या-सातव्या पडद्याच्या माथ्यावर ही तार किती उंच राहते, तेवढा मानेचा बाक. तिथे गेजची पाती सरकवून बघायची. तार न हलवता जे पातं जेमतेम जातं, ते आपलं माप.

मी तार दाबून धरली, लेकीने पाती सरकवली. ०.५५ मिलिमीटर. हवं त्याच्या दुप्पट-तिप्पट. तिने ते वहीत लिहिलं.

तारा जराशा सैल केल्या, भोकातून ॲलन की घातली. नटाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. कर्र असा आवाज आला तेव्हा दोघींच्या काळजात धस्स झालं. पुन्हा सुरात लावली आणि संध्याकाळपर्यंत ठेवून दिली. लाकडाला नव्या जागी बसायला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी माप ०.४०. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी पाव फेरा. संध्याकाळी ०.२५. इथे थांबायला हवं होतं.

पण बाराव्या पडद्यापाशी तार अजूनही उंचच होती. मोजली तर ३.४ मिलिमीटर. सुरुवातीला ३.६ होती, म्हणजे एवढ्या खटाटोपाने फक्त ०.२ उतरली होती. मी इंजिनिअर. मला वाटलं, नट फिरवल्याने तार खाली येते आहे ना, मग फिरवू या अजून. कुणाला न विचारता मी एकदम अर्धा फेरा दिला. सुरात लावून छेडली तर पहिल्या तीन-चार पडद्यांवर झर्र झर्र. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज. मान आता मागे वाकली होती.

लेक म्हणाली, ‘आई, तू पाव फेरा म्हणाली होतीस.’

तिसरा दिवस झालेली चूक उलटी फिरवण्यात गेला. थोडं थोडं सैल करत ०.२० वर आणून ठेवलं आणि तिथेच सोडलं. तेव्हा नीट समजलं की मानेचा बाक हा एक प्रश्न आणि तारांची उंची हा दुसरा. ट्रस रॉड पहिल्यासाठी आहे. दुसऱ्याचं मूळ घोडीवर असतं. तारा जिच्यावरून जातात ती हाडासारखी पांढरी पट्टी, सॅडल, तिची उंची जास्त होती.

आणि इथे भूमितीचे सर आठवले. बाराव्या पडद्यावर मला तार २.६ मिलिमीटर हवी होती, म्हणजे ०.८ ने खाली. सॅडल किती घासायचं? ०.८? नाही. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. एक टोक खुंट्यांकडे स्थिर, दुसरं टोक सॅडलवर. समरूप त्रिकोण! टोकाला जेवढं उतरेल त्याच्या निम्मं मध्यावर उतरणार. म्हणून सॅडल १.६ मिलिमीटर घासायचं. ‘सर, याचा आयुष्यात उपयोग काय?’ असं मी दहावीत विचारलं होतं. उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली, सर.

सॅडल तारा काढून सहज निघतं. ते वरून घासायचं नाही, खालून घासायचं, म्हणजे वरची गोलाई बिघडत नाही. पेन्सिलने रेघ मारली. काचेवर सँडपेपर चिकटवला आणि चौथ्या दिवशी लेकीने ते सावकाश घासलं. दर थोड्या वेळाने मोजायचं. जास्त घासलं तर परत चिकटवता येत नाही, म्हणून एक जादा सॅडल आधीच आणून ठेवलं होतं. ते लागलं नाही. तार बाराव्या पडद्यावर २.६ आली.

वरच्या कॉर्ड लोण्यासारख्या वाजू लागल्या. एफ मात्र अजून अडत होता. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यापाशी बघितलं. तिथे कागदाएवढी फट असायला हवी, ती चांगलीच मोठी होती. म्हणजे खुंट्यांच्या बाजूच्या पट्टीवरच्या, ज्यांतून तारा जातात त्या खाचा उथळ होत्या. त्याला मात्र मी हात लावला नाही. त्या खाचा खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि जरा चुकलं तर पट्टीच बदलावी लागते. पुण्याला परतल्यावर एका कारागिराने ते काम माझ्यासमोर अर्ध्या तासात केलं. घरी काय करायचं आणि काय नाही, याचीही पट्टी आखून घ्यावी लागते.

त्या रात्री लेकीने एफ धरला. पाच तारा वाजल्या, एक अडली. बोट थोडं सरकवलं. सहाही वाजल्या. मी म्हणाले, ‘चुकलं माझं. तुझी बोटं नाही, गिटार बिघडली होती.’ ती बराच वेळ तारांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मी सांगितलं होतं तुला.’

मैत्रिणींनो, हे वाक्य मला लागलं. ती खरंच सांगत होती. ‘तिची गिटार सोपी आहे’ ही तक्रार नव्हती, तो तपास होता. दोन गिटार, तीच बोटं, वेगळा निकाल. ऑफिसमध्ये माझ्या हाताखालच्या मुलाने असा पुरावा आणला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. घरच्या मुलीला मी म्हण ऐकवली. आणि ऑफिसबद्दलही फार फुशारकी नको. वापरणारा म्हणतो ‘हे बटण चालत नाही’, तेव्हा आमचं पहिलं उत्तर ‘तुम्ही नीट दाबत नसाल’ हेच असतं.

आता शाळेच्या दोन गोष्टी.

पहिली. शिवणाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवणार नाही. नववीत मशीनवर उशीचा अभ्रा शिवताना माझा धागा सारखा तुटायचा. पाचव्यांदा तुटला तेव्हा मी रडकुंडीला येऊन म्हणाले, ‘बाई, मला शिवण येतच नाही.’ तुम्ही मला उठवलंत, चष्मा लावलात, वाकून मशीनकडे बघितलंत. माझ्याकडे नाही, मशीनकडे. ताणाचा स्क्रू कुणीतरी गच्च आवळून ठेवला होता. तो तुम्ही थोडासा सैल केलात, चिंधीवर दोन इंच शिवून बघितलंत, आणखी किंचित सैल केलात, पुन्हा शिवून बघितलंत. मग मला म्हणालात, ‘बस आता.’ एवढंच. उपदेश नाही, काही नाही. थोडं फिरवायचं, करून बघायचं, मग पुढे जायचं. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी याहून चांगलं शिकवलं नाही. मिरजेत पलंगावर बसून मी अर्धा फेरा फिरवला, तेव्हा मी तुमची विद्यार्थिनी नव्हते.

दुसरी गोष्ट आठवीतली. पंधरा ऑगस्टचं समूहगीत. साठ-सत्तर मुली, एकच पेटी, काळी पाचवर लावलेली. बहुतेकींना ती पट्टी सोयीची होती. माझा आवाज मुळात खालचा. कडव्याच्या वरच्या सुराला मी पोचायचेच नाही, आवाज फाटायचा. तालमीला दोनच दिवस उरले होते. मला सांगण्यात आलं, ‘तू नुसते ओठ हलव.’ कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही, कारण त्यात दुष्टावा नव्हता, घाई होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. माझ्या लेकीच्या बाबतीत मी तेच तर केलं!

पण मी त्याचा अर्थ लावला तो असा: मला गळा नाही. त्या दिवसानंतर मी कधी गायले नाही. लग्नात उखाणा घेतला तोही बोलून. बाळाला झोपवताना अंगाई गुणगुणले, तीही दार लावून. आणि गेल्या ऑगस्टमध्ये लेक गिटारवर एक जुनं गाणं वाजवत होती, चिमटा बिमटा न लावता, खालच्या पट्टीत. मी पोळ्या लाटत होते. नकळत गाऊ लागले. वरचा सूर आला, आणि लागला. लेक वाजवायची थांबली आणि म्हणाली, ‘आई, तुला गाता येतं?’

मला गाता येत होतं. पट्टी माझी नव्हती.

मी असं म्हणत नाही की दर वेळी अंगणच वाकडं असतं. म्हण काही उगाच पडलेली नाही. गिटार नीट झाल्यावरही एफ रोज स्वच्छ वाजायला लेकीला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे सरावाचेच होते. पावसाळा आला, दमट हवेने गिटारचं पोट किंचित फुगलं, घोडी वर आली, तारा पुन्हा जराशा उंचावल्या. आम्ही मोजलं, वहीत लिहिलं आणि काही न करता सोडून दिलं. थंडीत ते आपोआप उतरलं. प्रत्येक अडचणीला ॲलन की लावायची नसते. पण मोजायची मात्र असते. सराव कर म्हणायच्या आधी, तुझी बोटंच तशी म्हणायच्या आधी, एकदा गिटार नाकाशी धरून एक डोळा मिटून बघायला दोन सेकंदं लागतात. मी ती दोन सेकंदं सहा महिने दिली नाहीत, आणि एक पोरगी खुर्चीवर चढून गिटार कपाटावर ठेवून आली.

आपल्यातले काही जण आज शिक्षक आहेत. काहींच्या हाताखाली माणसं आहेत. जवळजवळ सगळ्यांच्या घरात मुलं आहेत. आणि आपल्या तुकडीत असे किती तरी जण होते ज्यांनी स्वतःबद्दल ‘मला जमत नाही’ हे वाक्य शाळेतच गाठीला बांधलं. कुणी इंग्रजीबद्दल, कुणी गणिताबद्दल. ती गाठ आता एकदा सोडून बघा. आत कदाचित काहीच नसेल, नुसता कुणीतरी आवळून ठेवलेला एक स्क्रू असेल.

आता एकच विनंती. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलंय, ‘सर्व माजी विद्यार्थ्यांचे समूहगीत.’ पेटीवर कोण बसणार आहे मला माहीत नाही. जो कोणी असेल त्याला हात जोडून सांगते, काळी पाच नको, काळी तीनवर घ्या. पन्नाशीकडे निघालेल्या आपल्या सगळ्यांच्याच गळ्यांना ते सोयीचं पडेल. मी मागच्या ओळीत उभी राहणार आहे, आठवीत होते तिथेच. पण या वेळी मी गाणार आहे.